जाड तार

चिंचवड स्टेशनाजवळ, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, एका बैठ्या कौलारू घरात पाच खाटांचं प्रसूतिगृह होतं. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतली गोष्ट. मी तिथं नर्स होते. माझं माहेर आणि सासर दोन्ही बीडकडचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नवरा विषमज्वरानं गेला. थोरल्या भावानं भावकीचं न ऐकता मला पुण्याला दाईपणाच्या शिक्षणाला घातलं. ते पुरं करून चिंचवडला आले तेव्हा मला तेविसावं लागलं होतं.

प्रसूतिगृह एका डॉक्टरीणबाईंचं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. पन्नाशीच्या, उंच, बोलायला कडक. अडलेल्या बाईसाठी पावसात छत्री न घेता पळत गेलेल्या मी त्यांना पाहिलं आहे, आणि चादरीची घडी वाकडी पडली म्हणून आयेला रडवतानाही पाहिलं आहे. मी त्यांना घाबरून होते. पुढं जे झालं त्यात या घाबरण्याचा वाटा होता, पण ती सबब म्हणून सांगत नाही.

पिंपरीकडे तेव्हा कारखान्यांची बांधकामं चालली होती. दिवसभर लॉऱ्यांची धूळ उडायची. रस्त्यालगतच्या दुकानांत वीज नुकती आली होती आणि लोकांना तिचं जेवढं कौतुक तेवढाच धाक. आमची आया दिव्याचं बटण दाबताना तोंड दुसरीकडे फिरवायची.

त्या रस्त्यावरचं बहुतेक वीजकाम एकच वायरमन करायचा. रत्नागिरीकडचा माणूस, चाळिशी ओलांडलेला, बायको-मुलं गावी ठेवून एका खोलीत एकटा राहणारा. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे. काम झालं की ते लगेच निघत नसत. सगळी बटणं पुन्हा एकदा दाबून बघायचे, बटणांच्या फळीवर हात ठेवून ती गरम लागते का ते पाहायचे. मागच्या दाराबाहेर त्यांनी जमिनीत खड्डा घेऊन, त्यात कोळसा आणि मीठ भरून एक तांब्याचा पत्रा पुरला होता. उन्हाळ्यात त्या जागेवर रोज बादलीभर पाणी ओतायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी विचारलं, "काका, इथं काय झाड लावलंय का?" तर हसले. म्हणाले, "जादा झालेली वीज जमिनीत जायला वाट लागते गो. वाट सुकता नये."

फ्यूज त्यांनीच मला दाखवला. चिनी मातीचा पांढरा ठोकळा, त्यात दोन स्क्रूंमध्ये केसासारखी बारीक तार. म्हणाले, "ही मुद्दाम अशक्त ठेवलेली असते. कुठं तारा एकमेकींना चिकटल्या, कुठं आग धरायला लागली, तर पहिली ही वितळते. ही मेली की मागचं सगळं वाचतं. म्हणून हिला कधी बळकट करायची नाय. बारीक तार मी पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवलीय, उडाली तर तीच घालायची. संपली तर मला हाक मारायची."

दुकानदारांशी त्यांचं याच गोष्टीवरून वाजायचं. समोरचा हॉटेलवाला रेडिओ लावायचा, शिंप्यानं विजेची इस्त्री आणली होती, छापखान्यात एक छोटी मोटर होती. फ्यूज वारंवार उडायचे. हॉटेलवाला ओरडायचा, "अहो राव, जाड तार घाला आणि एकदाचं मोकळं करा!" काका ऐकायचे नाहीत. बारीकच घालून निघून जायचे. त्यांची पाठ वळली की हॉटेलवाला ती काढून स्वतः जाड तार घालायचा. सगळ्या रस्त्याला हे ठाऊक होतं.

आमच्याकडेही फ्यूज उडायचा, कारण उपकरणं उकळायची विजेची शेगडी आणि पेटी एकाच लाइनीवर होत्या. काकांनी बाईंना दोनदा सांगितलं होतं की पेटीला वेगळी लाइन ओढू. बाई म्हणाल्या, पावसाळ्यानंतर बघू.

पेटी म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ऊब देण्याची पेटी. बाईंनी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात तशी पाहिली होती आणि सुताराकडून सागवानी करून घेतली होती. वर काचेचं झाकण, मध्ये भोकं पाडलेली फळी, तिच्यावर मुलाची गादी, आणि फळीच्या खाली दोन दिवे. दिव्यांची ऊब भोकांतून वर यायची. आत तापमापक टांगलेला असायचा, शेजारी पाण्याची वाटी. त्या पेटीतून तोवर तीन मुलं आपापल्या आईच्या मांडीवर सुखरूप पोचली होती. मला ती पेटी देव्हाऱ्यासारखी वाटायची. रोज सकाळी मी ती पुसायचे.

चाकणकडच्या एका गावची बाई आमच्याकडे आली ती दिवस भरायच्या पुष्कळ आधी. सातवा महिना चालू होता. नवरा पिंपरीला बांधकामावर होता म्हणून दोघं रहाटणीला नातेवाइकांकडे राहत होती. सकाळी बैलगाडीतून तिला आणलं आणि तासाभरात बाळंत झाली. मुलगी. माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढी. रडली, पण मांजराचं पिल्लू कुंईकुंई करतं तशी.

आईनं मान उचलून विचारलं, "जगंल का वो?"

बाई कधीही खोटा धीर देत नसत. म्हणाल्या, "सांगता येत नाही. पेटीत ठेवू. ऊब मिळाली तर जगेल."

आधी दोन मुलं गेली होती तिची, दोन्ही घरीच. ती पेटीजवळ बसून राहायची. झाकणावर श्वासाचं धुकं बसायचं, ते पदरानं पुसायची आणि पुन्हा बघायची. दूध काढून द्यायची, मी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायचे. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "माजी आय म्हणती दिव्याखाली ठिवलेलं लेकरू काळं पडतं. खरं हाय का?" मी म्हटलं, "काळी पडली तरी तुमचीच ना?" तशी ती पहिल्यांदा हसली.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला फ्यूज उडाला. आयेनं शेगडीवर पातेलं ठेवलं होतं. पेटीतले दिवे विझले. त्या दिवसांत बाहेर गार वारं सुटलेलं, आणि पेटी लाकडाची असली तरी बघता बघता निवायची. तापमापकाचा पारा उतरताना मला दिसत होता. मी धावत बटणांच्या फळीकडे गेले, ठोकळा ओढून काढला, पुठ्ठा शोधला. पुठ्ठ्यावर तार नव्हती. दोन दिवसांत दोनदा उडाला होता, मीच ती संपवली होती, आणि काकांना सांगायचं राहून गेलं होतं. बाई एका बाळंतिणीला बघायला गावात गेलेल्या. आयेला काकांच्या खोलीवर पिटाळलं, ती परत आली, "कुलूप हाय." त्या वेळी ते कुठं तरी कामावर असणार.

फळीखालच्या खणात जुन्या वायरीचा एक तुकडा पडला होता. मी त्याचं कापड सोललं. आतल्या तांब्याच्या तीन तारा पिळून एक केली आणि ठोकळ्यात बसवली. बटण दाबलं. दिवे लागले. आईनं देवाला हात जोडले, मग वळून मला जोडले.

उद्या काकांना बोलावून बारीक तार घालून घ्यायची, असं मनाशी म्हटलं. खरंच म्हटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी फ्यूज उडाला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. शेगडी चालू, पेटी चालू, ओटीवरचा दिवा चालू, काही होईना. मुलगी अंग धरू लागली. गालांवर थोडी गोलाई आली, बोट दिलं तर धरून ठेवू लागली. बाईंनी वजन करून बघितलं आणि मला म्हणाल्या, "तुझ्या हाताला यश आहे." बाईंच्या तोंडून असं वाक्य मी आधी ऐकलं नव्हतं. काकांना हाक मारली असती तर त्यांनी बाईंसमोर ती तार बाहेर काढली असती. मी हाक मारली नाही. आज उद्या करत आठ दिवस गेले.

अकराव्या दिवशी दुपारी बाप रहाटणीहून आला होता. लाल कापडाची कुंची शिवून आणली होती. दुसऱ्या दिवशी बारावा दिवस, तेव्हा तिथंच पेटीपाशी नाव ठेवायचं असं नवरा-बायकोनं ठरवलं होतं. नाव काय, ते दोघं सांगत नव्हते. बाप कामावर परत गेला. आई न्हाणीत गेली. मी पलीकडच्या खोलीत एका अडलेल्या बाईपाशी होते, बाई माझ्यासोबत होत्या.

रस्त्यावर मोठा आवाज झाला. पिंपरीच्या कुठल्या तरी बांधकामाला यंत्र घेऊन निघालेली एक उंच लॉरी. यंत्राचा वर आलेला भाग खांबावरच्या खालच्या तारेत अडकला आणि ती तार तोडून लॉरी तशीच पुढं गेली. हे आम्हाला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच दिसलं की भर दुपारी लावून ठेवलेला खोलीतला दिवा पांढराफेक झाला, डोळ्यांना बघवेना, आणि फट्‌ करून फुटला. काचा फरशीवर पडल्या. समोरच्या हॉटेलात कुणीतरी ओरडलं.

मग आईची किंकाळी आली. ओल्या अंगानं ती न्हाणीतून धावली होती.

मी पोचले तेव्हा पेटीच्या भोकांतून काळा धूर वर येत होता आणि काचेखाली मुलगी दिसत नव्हती. मी झाकण उचलून फेकलं. धुरात हात घालून तिला बाहेर काढलं. कुठं भाजली नव्हती, काच लागली नव्हती. अंगावरचं दुपटंसुद्धा पांढरं होतं. पण श्वास घेताना छाती आत ओढली जात होती, आणि ओठ निळे. खालच्या दिव्यांच्या वायरी जळत होत्या. बाईंनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला, मग पाणी ओतलं.

मी तिला अंगणात घेऊन उभी होते. बाई तिच्या नाकातोंडातलं साफ करत होत्या. आई माझ्या कोपराला धरून "माजी बाय, माजी बाय" एवढंच म्हणत होती. तेवढ्यात काका आले. तार तुटल्याचं कळल्यावर ते एकेका दुकानात शिरून मेन बंद करत सुटले होते. आत गेले, पेटी बघितली, फळीकडे गेले. ठोकळा हातात घेऊन अंगणात आले. तीन पिळलेल्या तारा तशाच होत्या. न वितळलेल्या.

"ही कुणी घातली?"

बाई मुलीवरून मान न उचलता म्हणाल्या, "कुणी म्हणजे? तुम्हीच घालता ना?"

"मी नाय घातली, बाई. मी जन्मात असली तार घातलेली नाय. परतीची तार तुटली की एका घराचा दाब दुसऱ्या घरात शिरतो. दिवे फुटणारच होते. पण दिवा फुटून आत ठिणगी पडली तेव्हाच बारीक तार उडाली असती. वायर जळलीच नसती."

"मग इथं दुसरं कोण फळीला हात लावतं?" बाई आता ताठ झाल्या होत्या. "दुसरी लाइन ओढू दिली नाही म्हणून फ्यूज बदलायचा कंटाळा केलात, झालं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वाट पाहिल्यासारखं. मुलगी माझ्या हातात होती, तिचा श्वास माझ्या तळव्याला लागत होता. आत्ता बोलायची वेळ नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर एका वाक्याचं काम होतं. मी मान खाली घातली.

मग आई वळली. पदर गळ्यात पडलेला, केसांतून पाणी गळत होतं. तिनं त्या माणसाला जे शाप दिले ते मी इथं लिहिणार नाही. त्याच्या घरादाराला, त्याच्या पोराबाळांना, त्याच्या हातांना. काका उभे राहून ऐकत होते. ऐकून घेतल्यावर ठोकळा ओटीवर ठेवला आणि निघून गेले.

मुलगी दुसऱ्या दिवशी उजाडताना गेली. रात्रभर आईनं तिला उघड्या अंगाशी धरून ठेवलं होतं. बाप आला. लाल कुंची घातली तिला. पवनेच्या काठाला नेऊन पुरलं. आई जाताना मला भेटली. माझे दोन्ही हात तिनं आपल्या डोळ्यांना लावले आणि म्हणाली, "तुमी लय केलंत." मी तेही ऐकून घेतलं.

त्या दुपारी साऱ्या रस्त्याचं नुकसान झालं होतं. हॉटेलवाल्याचा रेडिओ जळाला, शिंप्याची इस्त्री गेली, छापखान्याची मोटर बसली. लॉरी कुणाची, कुठली, कुणी पाहिलं नाही. वायरमनच्या चुकीनं प्रसूतिगृहात लेकरू गेलं ही बातमी मात्र सगळीकडे झाली. मग प्रत्येकाला आपल्या नुकसानीला धनी सापडला. हॉटेलवाला, ज्यानं स्वतःच्या हातानं जाड तार घातली होती, तोही चारचौघांत म्हणू लागला, "काम कच्चं होतं राव त्याचं." काकांना कुणी कामाला बोलावेना. मी एकदा त्यांना स्टेशनाच्या बाकावर बसलेलं पाहिलं. पिशवी मांडीवर. मी दुसऱ्या वाटेनं गेले.

मुलगी गेल्यापासून तेराव्या-चौदाव्या दिवशी मला ताप भरला. नुसता ताप, दुसरं काही नाही. बाई स्वतः माझ्या खोलीत कांजी घेऊन आल्या, कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "किती मनाला लावून घेशील? तुझा काय दोष?" तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी उठून बसले आणि सगळं सांगितलं. पुठ्ठ्यावरची तार संपली होती तिथपासून.

बाईंनी कांजीचं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं आता घालवून देतील. त्या म्हणाल्या, "दुसरी लाइन मी ओढू दिली नाही." मग म्हणाल्या, "त्यांना उद्या बोलावून घेऊ. मी स्वतः जाते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी काकांच्या खोलीवर गेलो. खोली रिकामी होती. घरमालकीण म्हणाली, चार दिवस झाले, भांडी विकून गेले, कुठं ते बोलले नाहीत.

बाईंनी मग एक केलं. मला बरोबर घेऊन रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात गेल्या आणि मला सांगायला लावलं. मी सांगितलं. कुणी म्हणालं, "असू दे ताई, झालं गेलं." हॉटेलवाल्यानं चहा पुढं केला. त्या लोकांना त्याचं काहीच वाटलं नाही, आणि मला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

दुसरी लाइन ओढून झाली. पुण्याहून आलेल्या माणसानं ती ओढली. पेटीला स्वतःचा फ्यूज, स्वतःचा स्विच. बाईंनी पेटी नवी करून घेतली, पण मला पुष्कळ दिवस तिच्याजवळ जायला होत नव्हतं.

त्याच हिवाळ्यात मी रजा घेऊन त्या आईच्या गावी गेले. बाप बांधकाम सोडून शेतीवर परतला होता. पुण्याहून एसटीनं चाकण, तिथून पुढं अडीच-तीन मैल पायी. ती कांद्याच्या वाफ्यात बसून खुरपत होती. मला बघून उठली, हात झटकले, घरात नेऊन गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी पाणी तसंच ठेवून सांगायला लागले. सगळं ऐकून झाल्यावर तिनं विचारलं,

"तवा तुमी तितंच व्हता ना? मी त्येला बोलत व्हते तवा?"

"होय."

"मंग मला बोलू का दिलं?"

मी समोरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघितलं.

"तुमचं समजू शकते मी. दिवा इजला, लेकरू गार पडाया लागलं, हाताला घावलं ते घातलं तुमी. मीबी तेच केलं असतं. पण त्या माणसाच्या पोरांना मी काय काय बोलले." तिनं छातीवर हात ठेवला. "माजं दूध अंगात व्हतं वो तवा. दूध अंगात असल्याल्या बाईचा शाप लागतो म्हंत्यात. आता मी तो कसा माघारी घेऊ? तुमी मला पापात घातलंत."

ती रडली नाही. पाण्याचा तांब्या उचलून आत गेली आणि पुष्कळ वेळ बाहेर आली नाही. मी ओसरीवर बसून राहिले. मग दाराआडून म्हणाली, "त्येला हुडका. त्येला सांगा, त्या बाईनं शब्द माघारी घेतलं म्हनावं. आन् त्याची पोरं कशी हायती ते मला कळवा." मला वाटेला लावायला ती आली नाही. तिच्या सासऱ्यानं बैलगाडीनं चाकणपर्यंत सोडलं.

मी शोधलं. रत्नागिरीकडचा वायरमन भेटला की विचारायचे, आणि पिंपरीच्या बांधकामांवर चिठ्ठ्या पाठवायचे. दीड वर्ष गेलं. मग आमच्याकडे बाळंत झालेल्या एका बाईच्या भावानं सांगितलं की अशा वर्णनाचा माणूस आळंदीला एका धर्मशाळेत वीज बसवतो आहे, ठेकेदाराच्या हाताखाली.

तेच होते. शिडीवर उभे राहून भिंतीत खुंट्या ठोकत होते. पुष्कळ वाळलेले. मला ओळखलं, पण खाली उतरायची घाई केली नाही. हातातली खुंटी पूर्ण ठोकली, मग उतरले. मी म्हटलं, "काका, ती तार मी घातली होती."

"ठाऊक आहे गो," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं. तुझं तोंड बघितलं ना."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. मी नाय घातली म्हणून सांगितलं." ते धोतराला हात पुसत होते. "तुझं नाव घेऊन काय झालं असतं? बाईंनी मानलं नसतं. आणि तुझ्या हातात पोर होती, श्वास लागलेली. तिला घेऊन तू उभी. कसं बोलायचं?"

मी त्यांच्या पायाशी वाकले तर ते मागं सरले. "नको. माफ केली असं मी म्हणणार नाय, बाय. तसं मनात नाय तर कशाला म्हणू? माझं नाव गेलं तिथं. वीस वर्षांच्या धंद्यात सांभाळलेलं. आता ठेकेदार सांगतो ती तार मी घालतो, जाड तर जाड." थांबून म्हणाले, "नाय, तेवढं खोटं बोललो. जाड नाय घालत. त्यावरून रोज भांडण असतं."

मी चाकणच्या आईचा निरोप सांगितला. तो ऐकताना मात्र त्यांचा चेहरा हलला. शिडीला टेकले. "तिला म्हणावं, पोरं बरी आहेत. थोरली लग्नाची झाली. धाकटा शाळेत आहे." मग म्हणाले, "तिला असंच सांग." त्या बोलण्याच्या पद्धतीवरून मला शंका आली की सगळं तसं नसावं. विचारायची हिंमत झाली नाही. आजपर्यंत मला ते माहीत नाही.

मी त्यांना चिंचवडला परत येण्याविषयी बोलले. बाईंनी बोलावलंय, खोलीची सोय करते म्हणाल्यात. ते ऐकून घेत होते. आतून ठेकेदाराची हाक आली. "आलो," म्हणाले, आणि शिडी उचलून पुढच्या खोलीत गेले. मी थोडा वेळ उभी राहिले, ठोकण्याचा आवाज ऐकत. नंतर दोन महिन्यांनी बाईंना घेऊन पुन्हा गेले तेव्हा धर्मशाळेत दिवे लागले होते आणि ठेकेदाराची माणसं दुसरीकडे गेली होती.

चाकणला मी पत्र घातलं. तिला वाचता येत नव्हतं, शाळामास्तरांनी वाचून दाखवलं असेल. लिहिलं की वायरमन भेटले, त्यांनी निरोप ऐकला, पोरं बरी आहेत. तिचं उत्तर आलं नाही. पुढं ऐकलं की तिला मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा. बाळंतपणाला तिनं दवाखान्याचं नाव काढू दिलं नाही, गावातच सुईणीच्या हातून बाळंत झाली.

चिंचवडच्या त्या घरात मी आणखी पुष्कळ वर्षं काढली. बाई थकल्या, गेल्या. त्या पेटीतून नंतर बरीच मुलं जगली. त्यांच्या आया आजही कुठं भेटल्या तर माझे हात हातात घेतात, आणि मी ते हळूच सोडवून घेते.